विमानवाले मास्तर



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि पाचट यांविषयी लिहितो. या अंकी सुरू लागणीच्या बेणेप्रक्रियेवर लिहावयाचे ठरले होते. ते आता पुढच्या अंकी लिहू. गेल्या पावसाळ्यात आपले एक जुने सभासद हृदयविकाराने गेले. त्यांच्याविषयी चार शब्द लिहिल्याखेरीज आमचे मन दुसऱ्या कामात लागेना.

घरच्या मंडळींनी नाव छापू नका म्हणून सांगितले आहे. छापले असते तरी निम्म्या लोकांना ओळख पटली नसती. भीमेच्या अलीकडे दौंड तालुक्यात आणि पलीकडे शिरूर तालुक्यात त्यांना सगळे 'विमानवाले मास्तर' म्हणत. नावावर तीन एकर ऊस, पेन्शनीत गेलेले विज्ञानाचे शिक्षक, पायात साधी चप्पल आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलेली लांबट पेटी. पेटीत पंख असायचे.

मास्तरांचे वडील दौंडच्या लोकोशेडात फिटर होते. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला भाग झिजला आहे ते सांगणारा माणूस, असे मास्तर सांगत. लहानपणी मास्तरांनी पहिले विमान केले ते ज्वारीच्या धाटाच्या भेंडाचे. आपण सगळ्यांनी त्या भेंडाच्या बैलगाड्या केल्या आहेत, त्यांनी विमान केले एवढाच फरक. ते उडाले नाही. पुढे पुण्याला कॉलेजात असताना ते एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये गेले. तिथे एरोमॉडेलिंग म्हणजे छोटी विमाने करून उडविणे शिकवीत, आजही शिकवितात. तिथे त्यांना बाल्साचे लाकूड पहिल्यांदा हातात मिळाले. हे झाड दक्षिण अमेरिकेतले, लाकूड इतके हलके की फळी हातात घेतली तरी घेतल्यासारखी वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी ते हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या कडेला जाऊन बसत आणि विंचने ओढलेले बिनइंजिनाचे विमान वर कसे चढते ते बघत.

त्या वेळचे त्यांचे इंजिन आम्ही पाहिले आहे. कलकत्त्याच्या अरोरा कंपनीचे, मुठीत मावणारे. त्याला प्लग नाही. दाबानेच पेट घेते, म्हणून त्याला डिझेल म्हणायचे, पण आत डिझेल घालायचे नाही! ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचे मिश्रण. पंख्याला बोटाने झटका द्यायचा, की ते कर्कश ओरडत सुरू व्हायचे आणि सगळ्या माळावर एरंडेलाचा वास पसरायचा. तेव्हा रेडिओ परवडण्यासारखा नव्हता. विमानाला पोलादी तारांची जोडी बांधून दुसरे टोक मुठीत धरायचे आणि विमान आपल्याभोवती गोल फिरवायचे. मळणीच्या तिवड्याभोवती बैल फिरतो तसे, फक्त बैलाऐवजी उडणारे. त्या पंख्याने मास्तरांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचा शेंडा नेला होता. शाळेत फळ्याकडे ते बोट केले की मुले विमानाची गोष्ट सांगा म्हणायची, आणि त्या दिवशीचा धडा राहायचा.

आता आमची ओळख कशी झाली ते सांगतो. त्यात आमचीच चूक आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी आम्ही गटऑफिसला होतो. नोकरी नवी नव्हती, पण अंगात साहेबी होती. एका सभासदाची तक्रार आली, की मास्तरांचे विमान आमच्या आडसाली उसात पडले आणि ते काढायला शिरलेल्या पोरांनी ऊस मोडला. आम्ही जागेवर न जाता टेबलावर बसून पत्र काढले : 'सदर विमाने उडविण्याचे तात्काळ बंद करावे, अन्यथा आपल्या ऊस नोंदीबाबत विचार करावा लागेल.' असा अधिकार आम्हांला कुणी दिला होता? कुणीच नाही. ऊस नोंद आणि विमान यांचा काही एक संबंध नाही, हे त्या वेळी आमच्या डोक्यात आले नाही. मास्तरांनी वाद घातला नाही. एक हंगाम त्यांनी विमानाला हात लावला नाही.

ते विमान तसेच उसात राहिले होते. तोड लागली तेव्हा बीडकडच्या टोळीतल्या एका बाईला ते पाचटात सापडले. उंदरांनी कागद खाल्ला होता, पण सांगाडा शाबूत होता. आमच्या चिटबॉयने ते मास्तरांकडे नेऊन दिले. मास्तरांनी दोन दिवसांत त्याला नवा कागद चढविला आणि कोपीवर जाऊन त्या बाईच्या मुलाला देऊन टाकले. चिटबॉयने हे सांगितले तेव्हा आम्हांला आमचे पत्र आठवले. आम्ही मोटारसायकल काढली आणि मास्तरांच्या घरी गेलो. काय बोलायचे ते ठरविले नव्हते.

मास्तर म्हणाले, "या साहेब. चहा घेता घेता हा पंख जरा धरा बरं."

आम्ही पंख धरला तो आजपर्यंत धरूनच आहोत.

त्यांच्याकडून शिकलो ते सगळे इथे लिहिता येणार नाही, पण एक सांगतो, कारण ते आपल्या लोकांना चटकन कळेल. विमान उडेल की पडेल हे इंजिनापेक्षा तोलावर ठरते. पंखाच्या रुंदीचे चार भाग केले, तर पुढच्या कडेपासून साधारण पहिला भाग संपतो तिथे बोटे लावून विमान उचलायचे. नाक किंचित खाली राहिले तर ठीक. मास्तर म्हणत, "उसाची गाडी भरता ना? मागं ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, बैलाची मान वर जाते. शेपटीला जड विमान म्हणजे उलाळ गाडी. ते नाक वर करतं, वेग मरतो आणि मग धप्पकन खाली. पुढं जड झालं तर नुसतं बैलाच्या मानेवर. चालतं, पण मन लावून चालत नाही." पुस्तकातल्या आकृतीने जे आम्हांला समजले नव्हते ते उलाळ गाडीने समजले. त्यांच्या विमानांच्या नाकात वजनाला जुनी नाणी असायची.

विमानाच्या इतिहासात त्यांना विशेष रस होता, पण फुशारकी चालत नसे. राइट बंधूंच्या वडिलांनी १८७८ साली मुलांना रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे आणून दिले आणि तिथून सगळे सुरू झाले, हे ते दर वर्षी नव्या पोरांना सांगत. १७ डिसेंबर १९०३ला त्यांचे पहिले उड्डाण झाले, १२ सेकंद आणि १२० फूट. "म्हणजे आपल्या पाच फुटी पट्ट्याच्या चोवीस सऱ्या. बांधावरून बांधावर पण नाही," असे म्हणून ते हसत. कुणी शिवकर बापूजी तळपद्यांचे नाव काढले, की त्यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले असे सांगतात, तर मास्तर ऐकून घेत आणि विचारीत, "वजन किती होतं? तोल कुठं होता? कुणी लिहून ठेवलंय का?" लिहिलेला भक्कम पुरावा नाही. मास्तर म्हणत, तळपद्यांचा नाद खरा असेल, पण नाद आणि उड्डाण यांत अंतर असते. आम्हांला हे पटते. काहींना पटत नसे आणि चहा थंड होईपर्यंत भांडण चाले.

रविवारी सकाळी वारा पडलेला असताना पड माळावर आमची मंडळी जमत. शिरूरचा एक शिंपी, रांजणगाव एम.आय.डी.सी.तले दोघे कामगार, दौंडचे एक पेन्शनर गार्ड आणि शाळेची पाच-सहा पोरे. तारा जाऊन रेडिओ आला होता, एरंडेल जाऊन बॅटरी आली होती, बाल्सा जाऊन थर्माकोल. मास्तरांना थर्माकोल मनापासून आवडत नसे, पण पोरांना परवडतो म्हणून तेही त्याचीच विमाने करीत. एकदा सगळ्या पोरांना त्यांनी पदरमोड करून पुण्याला कोथरूडला नेले, भाऊ जोशींनी १९९८ साली सुरू केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय दाखवायला. दौंडची पोरे, रेल्वे काय पाहायची? पण बोटाएवढी गाडी सिग्नल पाहून थांबते हे बघून गार्डसाहेबांच्याच डोळ्यांत पाणी आले होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीची बातमी आली. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगच्या कामातला २४ वर्षांचा मुलगा. यूट्यूब बघून, मोटारीचे इंजिन लावून त्याने स्वतः हेलिकॉप्टर बांधले आणि त्याला आपलेच नाव दिले, 'मुन्ना हेलिकॉप्टर'. स्वातंत्र्यदिनी ते लोकांना दाखवायचे म्हणून आधी रात्री चाचणी घेत होता. फिरते पाते तुटून डोक्याला लागले आणि तो गेला.

त्या रविवारी मास्तरांनी एकही विमान उडविले नाही. पेटी उघडलीच नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्या पोराला अक्कल कमी नव्हती, सोबत कमी होती. इंजिन खुंट्याला बांध, दोरी लांब घे, तू आत बसू नको, पात्याच्या रेघेत कुणी उभं राहू नको, एवढं सांगणारा एक माणूस शेजारी पाहिजे होता. मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून माझं बोट गेलं. बोटावर भागलं." नंतर त्यांनी माळावर चुन्याची रेघ मारली. पंखा फिरत असताना त्या रेघेच्या आत फक्त एक माणूस. आमचे साहेबपण तिथे चालले नाही, आम्हांलाही दोनदा बाहेर काढले.

त्याच ऑगस्ट महिन्यात सरकारचे ड्रोन नियम, २०२१ निघाले. मास्तरांनी ते मुळातून वाचले आणि आम्हांला समजावून दिले. पाव किलोपर्यंतच्या यंत्राला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, हे कळल्यावर त्यांनी त्या वजनात बसेल असे एक विमान केले आणि पोटाखाली छोटा कॅमेरा बसविला. त्याचा आपल्याला झालेला उपयोग नोंदवून ठेवतो. पुढच्या वर्षी सप्टेंबरात त्यांनी स्वतःच्याच प्लॉटवरून ते फिरविले. बाहेरून ऊस हिरवागार दिसत होता. फोटोत मात्र मध्यभागी खाटेएवढे दोन पिवळे ठिपके. आम्ही आत जाऊन बेट उपटले तर ते हातात आले, मुळ्या खाल्लेल्या, आणि खाली हुमणी. उसात दोन पुरुष उंचीच्या आत काय चालले आहे हे बांधावरून कळत नाही, आणि कळते तेव्हा एकराचे नुकसान झालेले असते. त्या वर्षी शेजारच्या तीन सभासदांचे प्लॉट आम्ही वेळेवर तपासले. आज फवारणीचे ड्रोन आपल्या भागात येऊ लागले आहेत आणि त्यांतले एक चालविणारा मुलगा मास्तरांच्या माळावरचाच आहे. प्रशिक्षणाला गेला तेव्हा पहिल्या दिवशी त्याने पाते लावायच्या आधी जमिनीवर रेघ मारली, आणि तिथले लोक बघतच राहिले म्हणे.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी आम्हांला बोलावले. मुलाची नोकरी पुण्यात, त्याला या पसाऱ्याचे काय करावे कळेना. सात विमाने, अरोराचे ते इंजिन आणि एक फाइल. फाइल चाळताना आमचे पत्र निघाले. 'सदर विमाने उडविण्याचे तात्काळ बंद करावे.' खाली आमची सही. आम्हांला वाटले, माणसाने एवढी वर्षे मनात धरले. पत्र उलटले तर पाठकोऱ्या बाजूवर पंखाच्या फासळीचा आकार काढलेला, खाली मास्तरांच्या अक्षरात मापे, आणि कोपऱ्यात : 'कागद जाड आहे, साचा चांगला कापता येईल.' कापलेला साचा फाइलीतच होता. त्याच साच्यावरचे पंख आम्ही पहिल्या दिवशी हातात धरले होते. काकू म्हणाल्या, "ते पत्र आलं तेव्हा हसले हो ते. म्हणाले, साहेबाचं पत्र वाया नाही जाऊ द्यायचं."

इंजिन काकूंनी ठेवून घेतले. विमाने पोरांत वाटली. शेवटचे, अर्धवट राहिलेले आमच्या वाट्याला आले. ते आम्ही दोन महिने रात्रीचे बसून पुरे केले आणि मागच्या रविवारी उडविले. पहिला फेर चांगला झाला. दुसऱ्याला वारा सुटला, आमचा हात चुकला आणि ते नदीकडेच्या आडसाली उसात गेले. पोरे निघाली होती, पण आम्ही थांबविले. दिवस मावळत आला होता, आणि त्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे हे तुम्हांला सांगायला नको.

त्या प्लॉटची तोड पौषात लागेल. मुकादमाला सांगून ठेवले आहे. पांढरे पंख, निळी शेपटी, नाकात पाच पैशांची तीन नाणी. कुणाला आधी सापडल्यास गटऑफिसला आणून द्यावे, ही विनंती. टोळीतल्या एखाद्या पोराने उचलले असेल तर मात्र त्याच्याकडून काढून घेऊ नये.