समजून घ्या : क्राउडफंडिंग करताय? आधी ठरवा, देणाऱ्याला परत काय मिळणार

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण पिकलेले फळ दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही आणि व्यापारी भाव पाडून मागतो. गर काढून गोठवला, तर तोच माल आइस्क्रीम आणि रबडीवाल्यांना वर्षभर विकता येतो.

समजा, बीडजवळच्या पालीतील दहा जणींच्या बचत गटाला गर काढण्याचे यंत्र आणि डीप फ्रीझर घ्यायचा आहे. तीन लाख रुपये कमी पडतात. ते लोकांकडून ऑनलाइन उभे करता येतील का? येतील. पण लिंक फिरवण्याआधी काही गोष्टी पक्क्या हव्यात.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत ‘पैसा फंड’ उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि १९७६ मध्ये ‘मंथन’ चित्रपट आला.

पालीलाही लोकांची मदत नवी नाही. दत्ता आणि संध्या बारगजे यांची ‘इन्फंट इंडिया’ ही एचआयव्हीबाधित मुलांसाठी काम करणारी संस्था इथेच आहे. पण अशा संस्थेला देणारा परतफेडीची अपेक्षा ठेवत नाही. धंद्यासाठी पैसे मागितले की पहिला प्रश्न येतो : मला काय मिळणार?

मग देणाऱ्याला काय देता येते?

चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा आहे.

• देणगी : परत काही द्यायचे नाही. मात्र ‘८०जी’ची करसवलत मान्यताप्राप्त संस्थेच्या पावतीवरच मिळते, बचत गटाच्या नाही. त्यामुळे तसे आश्वासन देऊ नका.

• आगाऊ विक्री : आज पैसे, हंगामात माल. छोट्या गटासाठी हा सर्वांत सरळ मार्ग.

• कर्ज : ‘रंग दे’सारख्या, रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या मंचावरून सामान्य माणूस ग्रामीण उद्योजकाला कर्ज देऊ शकतो. ते वेळेत फेडावे लागते.

• हिस्सा : इथे सर्वाधिक घोळ होतो. खासगी कंपनीला जाहिरात करून शेअर विकता येत नाहीत. शेतकरी उत्पादक कंपनीत उत्पादकच सभासद होऊ शकतो, पुण्यातला नोकरदार मित्र नाही. ऑनलाइन मंचावरून शेअर विकण्याबाबत ‘सेबी’ने २०१६ मध्येच इशारा दिला आहे.

‘वर्षाला १२ टक्के देऊ’ म्हटले तर?

म्हणू नका. लोकांकडून परवानगीशिवाय ठेवी घेण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे आणि शिक्षा तुरुंगाची आहे. पतसंस्थांत ठेवी अडकल्याने बीड जिल्ह्यातील हजारो घरे आधीच पोळली आहेत. इथे व्याजाचे आमिष दाखवणारा फलक लोकांना आधी शंका आणतो.

तीन लाखांसाठी किती माणसे लागतील?

५०० रुपयांचे ६०० जण, असे वाटेल. पण गणित तसे नाही. उदाहरणादाखल, ५०० रुपयांमागे गर आणि पॅकिंगचे १००, पोहोचवण्याचे ६० आणि मंच व पेमेंटचे २० रुपये धरा. हातात उरले ३२०. म्हणजे ९३८ जण हवेत. शिवाय गोठवलेला गर साध्या कुरिअरने पाठवला तर वाटेतच वितळेल. बीड, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशा ठरावीक ठिकाणी, ठरावीक दिवशी एकत्र वाटप केले तरच हा खर्च आवाक्यात राहतो.

पैसे कोणत्या खात्यात घ्यायचे?

गटाच्याच. एकीच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर घेतले तर हिशेबाचा वाद होतो. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षात ५० हजारांहून अधिक रक्कम भेट म्हणून आली, तर ती करपात्र उत्पन्नात धरली जाते. परदेशी नागरिक किंवा संस्थेकडून देणगी घ्यायला ‘एफसीआरए’ नोंदणी लागते.

क्राउडफंडिंगची गरज खरेच आहे का?

हे आधी तपासा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत बचत गटांना प्रति सभासद कमाल ४० हजार रुपये बीज भांडवलाची तरतूद ठेवण्यात आली. दहा जणींसाठी ही रक्कम चार लाखांपर्यंत जाते. ‘उमेद’च्या तालुका कार्यालयात सध्याची स्थिती विचारा. ते पैसे मिळणार असतील, तर लोकांकडून फक्त उरलेला खर्च मागा.

मोहीम कधी आणि कशी सुरू करावी?

सीताफळ सप्टेंबरपासून येते. यंत्र ऑगस्टमध्ये चालू हवे, म्हणजे ४५ दिवसांची मोहीम मेमध्येच सुरू करावी लागेल. त्याआधी हे करा :

१. यंत्राचे लेखी दरपत्रक घ्या आणि मोहिमेच्या पानावर टाका.

२. पहिली रक्कम गटातल्या बायकांनी आणि गावाने भरावी. यादी कोरी असेल, तर अनोळखी माणूस सहसा पुढे येत नाही.

३. गटाच्या कामाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवरच काढा.

४. रक्कम अपुरी जमली किंवा पावसाने दगा दिला तर काय, हे आधीच लिहा : पैसे परत, की पुढच्या हंगामात माल?

५. दर पंधरा दिवसांनी जमाखर्च त्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, जिथे पैसे मागितले होते. यंत्र आल्यावर बिलाचा फोटोही तिथेच टाका.