दहा किलोचा मासा आणि दहा किलोची दोरी

रत्नागिरी, मालवण किंवा हर्णैच्या खडकांवर संध्याकाळी भरतीच्या वेळी गेलात, तर हातात लांब काठी घेऊन पाण्याकडे टक लावून बसलेली काही माणसे हटकून दिसतील. ही मंडळी गरवायला आलेली असतात. खाडीतली शेंगटी किंवा पालू धरायला बांबूची काठी आणि चार हात तंगूस पुरतो. पण गळाला सुरमई, रावस, जिताडा, तांब किंवा गोबरा लागावा अशी इच्छा असेल, तर रीळ असलेली काठी घ्यावी लागते आणि तेथे प्रश्न खिशाचा येतो. दुकानात शेकड्यापासून कित्येक हजारांपर्यंतची रिळे मांडलेली असतात. सुटीत काम करून थोडे पैसे साठवलेल्या किनाऱ्यावरच्या मुलाने त्यांतले काय घ्यावे? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तुमच्या नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे.

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी मला नेहमी विचारी, "सर, दहा किलोचा मासा धरायला किती किलोची दोरी लागते?" दोरीवर छापलेला 'दहा किलो' हा आकडा म्हणजे ती किती भार टांगला असता तुटेल याचा आकडा. मग उत्तर निदान दहा किलो असायला हवे, असे आपल्याला वाटते. पण मासा पाण्यात असतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्याच्यावर उद्धरण बल कार्य करते आणि माशाच्या शरीराची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचितच जास्त असते. त्यामुळे दहा किलोच्या माशाचे पाण्यातील वजन फार तर अर्ध्या किलोच्या आसपास भरेल. म्हणजे वजनाचा प्रश्न जवळजवळ नाहीच. प्रश्न आहे तो त्याच्या वेगाचा.

गळ लागल्यावर सुरमई धूम पळत सुटते. दहा किलोचा मासा सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर वेगाने पळतो आहे असे धरू. त्याची गतिज ऊर्जा ½ × १० × ८ × ८ = ३२० जूल. आता समजा, आपण दोरीचे टोक खडकाला घट्ट बांधून टाकले आहे आणि दोरी २० मीटर आहे. मासा दोरीला ताण देईल, दोरी लांबेल आणि ही ऊर्जा दोरीत साठू लागेल. नायलॉनची दोरी, म्हणजे आपला तंगूस, तुटण्यापूर्वी साधारण २० टक्के लांबतो. २० मीटरला ४ मीटर. दहा किलोची दोरी सुमारे ९८ न्यूटन बलाला तुटते. ताण शून्यापासून ९८ न्यूटनपर्यंत सारखा वाढत जातो असे मानले, तर दोरी जास्तीत जास्त ½ × ९८ × ४ = १९६ जूल ऊर्जा पोटात घेऊ शकते. मासा तर ३२० जूल घेऊन आला आहे. दोरी तुटणार! अलीकडे मिळणाऱ्या विणलेल्या दोरीचे तर विचारूच नका. ती पॉलिएथिलीनच्या अतिशय बळकट धाग्यांची असते, पण लांबते जेमतेम ४ टक्के. तिची मर्यादा फक्त ३९ जूल! आणि यात माशाने शेपटीने मारलेला जोर आपण धरलेलाच नाही.

मग दहा किलोच्या दोरीने वीस-वीस किलोचे मासे लोक धरतात ते कसे? दोरी बांधून न ठेवता, ठरावीक ताण पडताच ती सुटत जाईल अशी व्यवस्था करतात. होडीतला कोळी हातानेच दोरी खेळवतो तेव्हा त्याची बोटे हेच काम करतात. रिळामध्ये हे काम करणाऱ्या भागाला ड्रॅग म्हणतात. दोरी जिच्यावर गुंडाळलेली असते ती फिरकी काही चकत्यांमध्ये दाबून बसवलेली असते. वरची किल्ली आवळली की चकत्यांवरचा दाब वाढतो आणि दाब वाढला की घर्षण वाढते. ड्रॅग ३० न्यूटनला, म्हणजे सुमारे ३ किलोला, लावला असेल तर दोरीचा प्रत्येक मीटर ओढून नेताना माशाला ३० जूल कार्य करावे लागते. सुरुवातीचे ३२० जूल ११ मीटरच्या आतच संपतात. पुढचा प्रत्येक मीटर त्याला स्नायूंच्या बळावर मिळवावा लागतो आणि तो थकतो.

म्हणून मी असे म्हणेन की, मोठ्या माशाचे रीळ घेताना ड्रॅग विकत घ्यायचा असतो. बाकीचे रीळ त्याच्याबरोबर येते. दुकानदार मात्र तुम्हाला आत किती बॉल बेअरिंगे आहेत ते सांगेल. बेअरिंगांच्या संख्येवरून रिळाचा टिकाऊपणा कळत नाही. चार चांगली बेअरिंगे बारा सुमार बेअरिंगांपेक्षा केव्हाही बरी.

चांगला ड्रॅग ओळखायचा कसा? स्थितिक घर्षण हे गतिक घर्षणापेक्षा जास्त असते, हे तुम्ही लाकडी ठोकळ्याच्या प्रयोगात पाहिले आहे. ठोकळा हलेपर्यंत तानकाट्याचा काटा वर चढतो आणि हलल्याबरोबर मागे येतो. रिळातही अगदी हेच घडते. दोरीचे टोक तानकाट्याला बांधा, काठी कोणाला तरी नेहमीसारखी वाकवून धरायला सांगा आणि हळूहळू ओढा. फिरकी सुटण्याच्या क्षणीचे वाचन आणि ती संथ फिरत असतानाचे वाचन अशी दोन वाचने घ्या. चांगल्या रिळात ही दोन वाचने जवळजवळ सारखी येतात. स्वस्त, कोरड्या चकत्यांच्या रिळात पहिले वाचन दुसऱ्याच्या दीडपटही येईल आणि फिरकी अडखळत, झटके देत फिरेल. (शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. वेगवेगळ्या रिळांची वाचने फळ्यावर मांडली की विद्यार्थी घर्षण विसरत नाहीत.)

हा दीडपटीचा फरक किती महाग पडतो ते पाहा. ड्रॅगचे परिबल, म्हणजे फिरवण्याला होणारा विरोध, ठरावीक असतो. पण दोरीतला ताण म्हणजे ते परिबल भागिले फिरकीवरील दोरीच्या थराची त्रिज्या. फिरकी भरलेली असताना त्रिज्या ३ से.मी. आहे आणि ताण ३ किलो आहे असे समजा. मासा पळत गेला, दोरी सुटत गेली आणि त्रिज्या निम्मी, दीड से.मी. झाली. आता तुम्ही किल्लीला हातही न लावता ताण ६ किलो झाला! मासा क्षणभर थांबून पुन्हा पळू लागला की स्थितिक घर्षणाचा झटका बसेल. दीडपट म्हणजे ९ किलो. त्यातच दोरीला गाठ मारलेली असते आणि गाठीपाशी दोरी मूळच्या ताकदीपेक्षा बरीच कमी ताण सोसते. नायलॉन पाण्यात भिजले की आणखी थोडे कमजोर होते. झाले, दहा किलोच्या दोरीचा हिशेब येथे संपला. मासा तोंडात गळ घेऊन आणि पन्नास मीटर दोरी ओढत निघून जातो. तो पुढे कुठल्या तरी खडकात अडकून मरतो आणि ती दोरी वर्षानुवर्षे समुद्रात राहते. हे नुकसान गरवणाऱ्याच्या खिशापुरते नाही.

यावरून दोन नियम निघतात. एक म्हणजे, फिरकी भरलेली असताना ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश इतकाच लावावा आणि तोही अंदाजाने नव्हे, तर तानकाट्याने. दुसरे म्हणजे, फिरकी पुरेशी मोठी असावी, म्हणजे शंभर मीटर दोरी गेली तरी त्रिज्या फारशी उतरणार नाही. येथे विणलेली दोरी उपयोगी पडते. तिचा व्यास त्याच ताकदीच्या तंगुसाच्या साधारण निम्मा असतो. व्यास निम्मा म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ पाव. तेवढ्याच जागेत चौपट लांबीची दोरी मावते. अर्थात कमी मोठ्या आणि म्हणून कमी किमतीच्या रिळावर भागते. ही दोरी महाग असते खरी, पण फिरकीवर तळाशी साधा तंगूस गुंडाळून वरच्या दीडशे-दोनशे मीटरपुरती ती घेतली तरी चालते. तळाशी तंगूस असल्याने ती गुळगुळीत फिरकीवर घसरतही नाही.

ड्रॅगमध्ये ऊर्जा जाते कुठे, असा प्रश्न तुमच्यापैकी कोणाला तरी पडला असेलच. ३० न्यूटनला शंभर मीटर, म्हणजे ३,००० जूल. या ऊर्जेची उष्णता होते. ती सगळी ५० ग्रॅम ॲल्युमिनियममध्ये राहिली, तर त्याचे तापमान सुमारे ६७ अंशांनी वाढेल. साध्या फेल्टच्या चकत्या जास्त तापल्या आणि कोरड्या पडल्या की झटके देऊ लागतात. कार्बन तंतूंच्या चकत्या उष्णता चांगली सोसतात. चकत्या निराळ्या मिळत असतील, तर मध्यम रीळ घेऊन त्यात चांगल्या चकत्या टाकणे हा काटकसरीचा मार्ग आहे.

रिळांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात फिरकी स्वतः गरगर फिरून दोरी सोडते. हे रीळ दणकट असते, पण फेकताना शिसे मंदावले तरी फिरकी जडत्वामुळे फिरतच राहते आणि दोरीचा असा गुंता होतो की संध्याकाळ त्यातच जाते. दुसऱ्यात फेकताना फिरकी स्थिर असते आणि दोरी तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी निसटते. याचे श्रेय सूतगिरण्यांना जाते. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या लोकर गिरणीमालकाने बॉबिनवरून सुटणारा धागा पाहून असे रीळ बनवले आणि १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. खडकावरून किंवा धक्क्यावरून गरवणाऱ्या नवशिक्याने हेच घ्यावे. त्यावर ५०००, ६००० असे आकडे असतात. ते कोणत्याही राशीचे माप नसून त्या कंपनीचा आकाराचा क्रमांक असतो. दाते-चक्रांचे गुणोत्तर ५ च्या आसपास असलेले बरे. गुणोत्तर जास्त असेल तर दोरी भरभर गुंडाळली जाते, पण त्याच प्रमाणात हाताला जोर जास्त लागतो. यंत्र कधी फुकट काही देत नाही.

आता काठी. लांब आणि ताठ काठी म्हणजे बळकट काठी, असा समज सर्वत्र आहे. पण काठी ही तरफ आहे आणि तीही माशाच्या फायद्याची! तिचे बूड कमरेला टेकले, हा टेकू. पुढचा हात टेकूपासून ६० से.मी.वर आणि शेंडा ३ मीटरवर. शेंड्याला काटकोनात ३० न्यूटन बल लागले तर हाताला ३० × ३ ÷ ०.६ = १५० न्यूटन, म्हणजे पंधरा किलोंचा जोर लावावा लागेल. काठी वाकली आणि दोरीच्या रेषेचे टेकूपासूनचे लंबांतर दीड मीटर झाले की हाच जोर निम्म्यावर येतो. म्हणून वाकणारी काठी माणसाला सोईची. होडीवर फेकायचे नसते, त्यामुळे तेथे दीड-दोन मीटरची आखूड काठी चालते. किनाऱ्यावर शिसे लाटांपलीकडे टाकायचे असते म्हणून तीन मीटर किंवा थोडी अधिक लांबी पत्करावी लागते. मासा ओढताना काठीने उचलायचे, मग काठी खाली नेत-नेत दोरी गुंडाळायची; नुसती मूठ फिरवून मोठा मासा येत नाही. काठी मात्र फार उभी करू नये; सगळा वाक शेंड्याच्या वीतभर भागात येतो आणि तेथेच ती मोडते.

काठी काचतंतूची घ्यावी की कार्बन तंतूची? कार्बन तंतूचा यंगचा गुणांक सुमारे २३० गिगापास्कल, काचतंतूचा ७२. शिवाय कार्बनची घनता कमी. त्यामुळे कार्बनची काठी तेवढ्याच ताठपणाला बारीक आणि हलकी होते. पण काचतंतू तुटण्यापूर्वी कितीतरी जास्त ताणला जातो, खडकावर आपटलेली काठी सहजी तडकत नाही आणि किंमतही कमी. थोड्या पैशांत मोठा मासा धरायचा असेल, तर काचतंतूची किंवा मिश्र काठी घ्या, असे माझे मत. आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: कार्बन हा विजेचा वाहक आहे. विजेच्या तारांखाली कार्बनची काठी उभी धरू नये. ढग गडगडू लागताच काठी कोणतीही असो, ती आडवी ठेवून खडकावरून निघून यावे. उधाणाच्या दिवशी तर खडकाकडे फिरकूच नये.

काठीवरच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवून पाहा. तंतू अडकले तर कडीत चीर आहे आणि ती दोरी कापणार. गाठ आवळण्यापूर्वी ओली करा, कारण कोरड्या गाठीत घर्षणाने तापून नायलॉन दुखावते. सुरमईचे दात सुरीसारखे असतात, म्हणून गळाजवळ वीतभर तार हवी. विणलेली दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. ती लांबत नसल्याने बोटात थेट रुतते. आणि मासा जवळ आला की काठीने वर उचलायला जाऊ नका. पाण्याबाहेर आर्किमिडीज मदतीला नसतो. तेथे दहा किलो म्हणजे दहा किलोच. जाळीचा झेला किंवा आकडी जवळ ठेवा.

शंभर रुपयांतले पन्नास रिळावर, पंचवीस दोरी आणि गळांवर आणि उरलेले काठीवर, अशी वाटणी मी करीन. जुने रीळ मिळाले तरी हरकत नाही. मात्र मूठ हलवून पाहा, खडखड लागली तर सोडून द्या. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि पोलादी स्क्रू यांचा एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. म्हणून घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे, पुसून सावलीत वाळवावे. ठेवताना ड्रॅगची किल्ली पूर्ण सैल करावी, नाहीतर चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या वेळी तानकाट्यावरचे पहिले वाचन वर चढलेले दिसते.