पडद्यावरील रंगांची पेटी

निळा व पिवळा रंग एकत्र कालविले असतां हिरवा होतो, हें कुंचला हातीं धरणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक असतें. पण संगणकावर चित्र काढतांना हाच नियम मनांत धरल्यास फसगत होते. कारण प्रकाशाच्या राज्यांत निळा व पिवळा मिळून चक्क पांढरा होतो! असें कां व्हावें, व हवा तो रंग तेथें कसा सिद्ध करावा, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कागदावरील रंग प्रकाशाचा कांहीं भाग गिळतो व उरलेला डोळ्यांकडे धाडतो; म्हणून रंगांत रंग मिसळावे तसतसें मिश्रण काळवंडतें. पडदा मात्र स्वतःच प्रकाश देतो. त्याच्या प्रत्येक ठिपक्यांत तांबडा, हिरवा व निळा असे तीन इवले दिवे आहेत असें समजावें. ते इतके जवळ असतात कीं, डोळ्यांस तिहींचा मिळून एकच रंग भासतो. १८६१ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें लंडन येथें याच तीन रंगांचे प्रकाश एकमेकांवर पाडून एका फितीचें रंगीत चित्र दाखविलें होतें.

विंडोजवरील ‘पेंट’ या प्रोग्रॅममध्यें तयार रंग मोजकेच दिसतात. पण ‘एडिट कलर्स’ ही चौकट उघडली कीं, या तीन दिव्यांसाठीं तीन संख्या लिहितां येतात. ० म्हणजे दिवा विझलेला, २५५ म्हणजे पूर्ण तेजाचा. तिन्ही ० असतां काळा, तिन्ही २५५ असतां पांढरा. तांबडा व हिरवा २५५ आणि निळा ० ठेवल्यास पिवळा होतो. त्यांत पूर्ण निळा घालतांच पांढरा कां होतो, हें आतां वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. २५५, १२८, ० हा नारिंगी. त्याच संख्या निम्म्या करून १२८, ६४, ० लिहिल्या कीं तपकिरी! म्हणजे तपकिरी हा मंद केलेला नारिंगीच होय. प्रत्येक दिव्याच्या २५६ पायऱ्या, म्हणून एकूण रंग १,६७,७७,२१६ होतात. १९८४ सालच्या ‘मॅकपेंट’मध्यें काळा व पांढरा हे दोनच होते!

एवढी संपत्ति हातीं आली म्हणजे ती विवेकानें वापरावी. कित्येकांस तांबडा व हिरवा यांतील भेद नीट कळत नाहीं. हा दोष बहुधा जन्मजात असून मुलींपेक्षां मुलांत पुष्कळ अधिक आढळतो, आणि ज्याला तो असतो त्याला स्वतःलाही अनेकदां त्याची दाद नसते. नकाशांत एक प्रांत तांबडा व शेजारचा तितकाच गडद हिरवा रंगविला, तर अशा मुलास सीमाच सांपडत नाहीं, आणि गुरुजी त्यास निष्काळजी समजतात. याकरितां एक रंग गडद घ्यावा, उदाहरणार्थ १२८, ०, ०; व दुसरा फिका, जसा १९०, २५५, १९०. शिवाय नांवेंही लिहावीं. चित्र काळ्या-पांढऱ्यांत पाहूनही भेद टिकला, तर आपली निवड योग्य झाली असें खुशाल समजावें. रंग सुंदर असावा हें खरें. पण तो सर्वांस दिसावा, हें त्याहून मोठें.