सामायिक फाइलव्यवस्था आणि विश्वासाचा प्रश्न

एकाच संशोधनप्रकल्पावर पाच-सहा व्यक्ती निरनिराळ्या संगणकांवर काम करू लागल्या, की मूळ सामग्रीच्या नकला वाढत जातात. जुन्या पोथ्यांच्या नकलांत जसे पाठभेद शिरत, तसेच ते येथेही शिरतात. आणि काही महिन्यांनी शुद्ध प्रत कोणती, हे सांगणे त्या नकला करणाऱ्यांनाही कठीण होऊन बसते. सामग्री एकाच सर्व्हरवर ठेवावी व प्रत्येक संगणकाला ती आपल्याच डिस्कवर असल्याप्रमाणे वापरता यावी, हा त्यावरील उपाय होय. लिनक्सच्या जगात त्याचे सर्वांत रुळलेले साधन म्हणजे ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’, अर्थात एनएफएस.

ही व्यवस्था सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत १९८४ च्या सुमारास आकाराला आली. १९८५ मध्ये रसेल सँडबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी तिची रचना एका निबंधाद्वारे मांडली. त्या रचनेचे मर्म एका निर्णयात आहे. कोणत्या क्लायंटने कोणती फाइल उघडली, तो कोठवर वाचून थांबला, यांपैकी काहीही सर्व्हरने लक्षात ठेवावयाचे नाही. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असावयाची. ‘या फाइलच्या अमुक स्थानापासून इतके बाइट द्या’ एवढे म्हटले, की पूर्वीच्या संभाषणाची गरज उरत नाही. सर्व्हर मध्येच बंद पडला तरी क्लायंटने तीच विनंती पुनःपुन्हा करीत राहावे. सर्व्हर परत सुरू होताच काम पुढे चालू होते. वाचन व लेखन यांची पुनरुक्ती निरुपद्रवी असते. फाइल पुसण्याची मात्र तशी नसते. पहिल्या विनंतीने फाइल पुसली गेली आणि उत्तर वाटेत हरवले, तर दुसऱ्या विनंतीला ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर मिळावयाचे. म्हणून अलीकडे हाताळलेल्या विनंत्यांची एक छोटी नोंद सर्व्हरला ठेवावीच लागली. तत्त्वाला व्यवहाराने घातलेली ही पहिली मुरड.

प्रत्यक्ष मांडणी फार अवघड नाही. डेबियन कुळातील लिनक्सवर ‘एनएफएस-कर्नल-सर्व्हर’ आणि रेड हॅट कुळात ‘एनएफएस-युटिल्स’ या नावाचे पॅकेज बसवावे लागते. त्यानंतर ‘ईटीसी’ या डिरेक्टरीतील ‘एक्स्पोर्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये, कोणती डिरेक्टरी कोणाला व कोणत्या अटींवर द्यावयाची, हे प्रत्येकी एका ओळीत लिहावयाचे. ‘एक्स्पोर्टएफएस’ ही आज्ञा दिली की ती यादी अमलात येते, आणि क्लायंटवर ‘माउंट’ केले की दूरची डिरेक्टरी स्थानिक वृक्षाची एक फांदी होऊन जाते.

तथापि त्या एका ओळीत एक खड्डा आहे, आणि त्याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. ओळीत प्रथम डिरेक्टरीचा मार्ग येतो, नंतर क्लायंटचे नाव वा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.०/२४, आणि त्याला अगदी चिकटून कंसात अटी. पत्ता व कंस यांच्यामध्ये एक रिकामी जागा पडली, तर अर्थ पालटतो. मग त्या पत्त्याला गृहीत अटी लागू होतात, म्हणजे केवळ वाचनाचा अधिकार मिळतो. आणि कंसातील वाचन-लेखनाचा अधिकार सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणाऱ्या इतर प्रत्येकाला मिळतो. ज्याला द्यावयाचे तो वंचित, आणि परका मालक! आज्ञा देताना सूचना उमटते, हे खरे. पण कंसाआधी क्लायंटचे नाव नाही, तेथे तारकाचिन्ह घालावे, असा त्या सूचनेचा सल्ला असतो. तो निमूटपणे पाळल्यास दार उघडेच राहते.

याहून मूलगामी प्रश्न ओळखीचा आहे. एनएफएसच्या पारंपरिक पद्धतीत क्लायंट प्रत्येक विनंतीबरोबर वापरकर्त्याचा क्रमांक पाठवितो, आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. नाव नव्हे, संकेतशब्द नव्हे, केवळ क्रमांक. एका संगणकावर १००१ हा क्रमांक प्राध्यापकांचा असेल आणि दुसऱ्यावर विद्यार्थ्याचा, तर सर्व्हरच्या दृष्टीने दोघे एकच. सर्वाधिकारी असलेल्या ‘रूट’चा क्रमांक शून्य, तो क्लायंटकडून आल्यास सर्व्हर त्याचे रूपांतर ‘नोबडी’ या अधिकारहीन वापरकर्त्यात करतो. ‘रूट-स्क्वॉश’ नावाची ही अट गृहीतच असते, आणि ती काढून टाकणे सहसा अविचाराचे ठरते. परंतु तिच्यावर फार विसंबणेही बरे नव्हे. आपल्या संगणकावर रूट असलेली व्यक्ती तेथे कोणाचेही रूप घेऊ शकते, आणि १००१ म्हणून आलेल्या विनंतीला सर्व्हर अडवीत नाही.

म्हणून ज्या नेटवर्कवरील प्रत्येक संगणक एकाच व्यवस्थापकाच्या हाती आहे, तेथेच ही पद्धत शोभते. विद्यार्थी स्वतःचे संगणक घेऊन येतात अशा विभागात केर्बेरोस या ओळखपद्धतीची जोड द्यावी. तिच्या तीन पायऱ्या आहेत: पहिलीत केवळ ओळख पटते, दुसरीत मजकुरात फेरफार झाला नाही याची खात्री मिळते, आणि तिसरीत मजकूर गूढलिपीत जातो. २०२२ मध्ये टीएलएसच्या आवरणातून या विनंत्या पाठविण्याचे मानक प्रसिद्ध झाले. त्याने वाट सुरक्षित होते. क्रमांकावरील भोळा विश्वास तेवढ्याने सुटत नाही.

आणखी दोन निवडी संशोधकाच्या श्रमांशी थेट निगडित आहेत. ‘असिंक’ ही अट घातल्यास मजकूर डिस्कवर पोहोचण्यापूर्वीच सर्व्हर ‘लिहिले’ असे उत्तर देतो. वेग वाढतो, पण त्या क्षणी वीज गेली, तर क्लायंटच्या समजुतीप्रमाणे सुरक्षित असलेला मजकूर कोठेच नसतो. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून मजकूर आधी पाठवून तो डिस्कवर उतरल्याची खात्री नंतर एकदम मागता येते, त्यामुळे ‘सिंक’ आता पूर्वीइतके मंद राहिलेले नाही. दुसरी निवड क्लायंटकडची. ‘हार्ड’ माउंटमध्ये सर्व्हर गप्प झाल्यास प्रोग्रॅम वाट पाहत ताटकळतो. ‘सॉफ्ट’मध्ये काही प्रयत्नांनंतर त्याला चूक कळविली जाते; पण लेखनातील चुका न तपासणारे प्रोग्रॅम पुष्कळ असतात, आणि मग अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण समजून वापरली जाते. ताटकळणे त्रासाचे खरे, परंतु ते दिसते तरी.

चौथ्या आवृत्तीने (मूळ मानक २०००, सुधारित २००३) स्मरणशून्यतेचे तत्त्व सोडले. सर्व्हर आता उघड्या फाइली व कुलुपे यांची नोंद ठेवतो, आणि क्लायंटला ठरावीक मुदतीचा पट्टा देतो. लिनक्सवर ही मुदत सामान्यतः ९० सेकंदांची असते. सर्व वाहतूक २०४९ या एकाच पोर्टवरून होत असल्याने फायरवॉलची कटकटही कमी झाली. तरीसुद्धा क्लायंट मजकुराची तात्पुरती नक्कल जवळ बाळगतो. एकाने फाइल बंद केल्यानंतर दुसऱ्याने उघडली, तरच ताजा मजकूर दिसण्याची हमी असते. दोन संगणकांनी एकाच फाइलच्या शेवटी एकदम भर घातल्यास एकाच्या ओळी दुसऱ्याच्या ओळींवर पडू शकतात. यास्तव अनेक यंत्रांवर गणिते चालविणाऱ्याने प्रत्येक यंत्राला स्वतंत्र फाइल द्यावी, आणि ती सर्व बंद झाल्यावर एकत्र करावीत.