ट्रेतली मोकळी जागा

“ट्रेत अजून अर्धी जागा आहे साहेब, चार केबल सहज बसतील.” चाकण असो की रांजणगाव, इलेक्ट्रिकल तपासणीला गेलो की हे ऐकायला मिळतंच. बसतात, नाही कोण म्हणतं? पण ट्रे म्हणजे एसटी नव्हे, की उभ्याने आणखी चौघे घेतले.

केबलमधला करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. पीव्हीसी केबलची तार ७० अंशांपर्यंत तापलेली चालते, एक्सएलपीईची ९० पर्यंत; त्यापुढे इन्सुलेशनचं आयुष्य झपाट्याने घटतं. ही उष्णता न्यायला भोवती हवा खेळावी लागते. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकातला एक तक्ता मी मोबाइलमध्येच ठेवलाय. भोकांच्या ट्रेवर सहा केबल एका थरात चिकटून टाकल्या, तर प्रत्येकीची क्षमता ७६ टक्क्यांवर येते. मध्ये एकेका केबलच्या जाडीएवढी फट सोडली, तर ९१. म्हणजे खरेदीच्या बिलात १०० अँपिअरची असलेली केबल गर्दीत ७६ चीच उरते. थरावर थर चढवले तर त्याहूनही कमी. शिवाय या तक्त्यात ट्रे भिंतीपासून निदान २० मिलिमीटर सुटा आणि वरच्या-खालच्या ट्रेंत ३०० मिलिमीटर अंतर धरलेलं आहे. छताखाली ही ३०० ची जागा मिळवायला एसीच्या डक्टवाल्यांशी भांडावं लागतं. ते बहुधा आधी येऊन बसलेले असतात.

सपोर्टच्या बाबतीतही तसंच. दीड मीटरवर हवा असलेला सपोर्ट कुणी तीन मीटरवर मारला तर ट्रे दुप्पट वाकेल असं वाटतं. प्रत्यक्षात वजन सारखं पसरलेलं असेल तर झोळ सोळापट पडतो. त्यात कपलर प्लेटचा जोड नेमका मधोमध आला, तर बघायलाच नको.

पॉवर केबल आणि सिग्नलच्या केबल वेगळ्या ट्रेतून न्याव्यात, नाहीतर मोटरच्या ड्राइव्हचा गोंगाट सेन्सरच्या वायरीत शिरतो. अर्थिंगची जीआय पट्टी ट्रेच्या सोबतीने सलग हवी. यावर फारसा वाद होत नाही.

वाद होतो तो ट्रे भिंतीतून जातो तिथल्या भोकावर. तेव्हा मी अमेरिकेतल्या अलाबामाचं ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्र सांगतो. २२ मार्च १९७५ रोजी तिथे केबलच्या भोकांतून हवा गळते का, हे कामगार चक्क मेणबत्तीच्या ज्योतीने तपासत होते. भोकात भरलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला. आग सुमारे सात तास चालली, १६०० च्या आसपास केबल निकामी झाल्या. अणुभट्ट्या बंद करता आल्या, किरणोत्सर्गाची दुर्घटना टळली. पण पहिल्या युनिटची आपत्कालीन शीतकरण यंत्रणा हाताबाहेर गेली होती. एक बंद पडली तर दुसरी हाताशी असावी, म्हणून ठेवलेल्या व्यवस्थांच्या केबल एकाच आगीच्या टप्प्यात होत्या. १९८० मध्ये तिथल्या अणुनियामक आयोगाने नियम केला: अशा दोन व्यवस्थांमध्ये तीन तास आग थोपवणारी भिंत हवी, किंवा २० फुटांचं अंतर आणि त्याच्या जोडीला आगीची सूचना देणारी व आपोआप विझवणारी यंत्रणा हवी.

आपल्याकडच्या कारखान्यांत भिंतीच्या भोकांत मला अजून साधा फोम, थर्माकोल, क्वचित सिमेंटची रिकामी गोणीही सापडते. ते काढून फायर सीलंट भरा, असं लिहून देतो. पुढच्या खेपेला नवी केबल ओढताना ते कुणी फोडलंय का, हे टॉर्च मारून आधी बघतो.