‘नागर’ : अर्थ आणि उपयोजन

‘नागर’ हे विशेषण ‘नगर’ या शब्दापासून साधलेले असून ‘नगरासंबंधीचे’ आणि ‘सुसंस्कृत, सुंदर’ असे त्याचे दोन अर्थ होतात. स्पॅनिशमधील ‘उर्बानो’ या विशेषणातही शहर व सभ्यता यांची अशीच सांगड आढळते. संस्कृत काव्यशास्त्राने ‘ग्राम्यता’ हा काव्यदोष मानला. ज्ञानेश्वरांनी मात्र ‘ज्ञानेश्वरी’च्या दहाव्या अध्यायात देशी भाषेच्याच सौंदर्यास ‘नागरपण’ म्हटले, हे लक्षणीय होय. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मान लाभलेल्या ठाणे (२०१०) व डोंबिवली (२०१७) या नगरांत आगरी बोली बोलणारा विद्यार्थी वर्गात अनेकदा संकोचतो. कारण त्याची बोली ‘ग्राम्य’ समजली जाते. प्रमाणभाषा अवश्य शिकवावी. तथापि ज्ञानेश्वरांचा अर्थ स्वीकारल्यास बोलीचेही नागरपण मान्य करावे लागेल.