शुल्क माफ झाले, खर्च उरला

सोलापूर शहरातील फार मोठा वर्ग यंत्रमाग आणि विडीच्या धंद्यावर जगतो, तर सांगोला, मंगळवेढा, करमाळा या तालुक्यांतील शेती बेभरवशाच्या पावसावर चालते. अशा जिल्ह्यात बारावीनंतर मुलाला किंवा मुलीला पुढे शिकवायचे की कामाला लावायचे, हा निर्णय पुष्कळ घरांत सरकारी अर्थसाहाय्य मिळेल की नाही आणि मिळालेच तर केव्हा, यावर ठरतो. त्यामुळे राज्याच्या शिष्यवृत्ती योजनांचा आढावा घेताना योजना किती आहेत यापेक्षा त्या कोणता खर्च उचलतात आणि कोणता विद्यार्थ्यावर सोडतात, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

या योजनांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात महाविद्यालयाचे शुल्क पूर्णतः किंवा अंशतः सरकार भरते. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवण्यासाठी रोख रक्कम मिळते, तिला निर्वाह भत्ता म्हणतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही पहिल्या प्रकारातील ठळक योजना होय. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याचे निम्मे शिक्षण शुल्क तिच्यातून भरले जाते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, याच उत्पन्न मर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. पाऊल निःसंशय मोठे आहे. तथापि महाविद्यालयाचे विकास शुल्क, खाणावळ, खोलीभाडे आणि पुस्तके त्यात येत नाहीत, शिवाय व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश त्यास पात्र ठरत नाही. ‘मोफत शिक्षण’ हे जाहिरातीतील शब्द म्हणूनच जरा जपून वाचावे लागतात.

राजर्षी शाहूंचे नाव शुल्काच्या योजनेला दिले गेले, यात नकळत एक विसंगती आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहण्यास मदत केली, ती खेड्यातल्या मुलाची खरी अडचण शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय ही आहे, हे ओळखूनच. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दिलेली शिष्यवृत्तीही दरमहा साडेअकरा पौंड अशी, म्हणजे महिन्याचा खर्च डोळ्यांसमोर ठेवणारी होती. त्या विचाराचा वारसा आज प्रामुख्याने वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत दिसतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये असे शहराच्या महागाईनुसार तिचे दर ठरलेले आहेत. इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली, तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. यातील ‘नोंदणीकृत’ हा शब्द सोलापुरात निर्णायक ठरतो, कारण जिथे मजुरीची कागदोपत्री नोंदच नसते, तिथे मजुराचे मूल मजुराचे ठरत नाही. विडी कामगारांची स्थिती त्या मानाने बरी आहे, कारण ओळखपत्र असलेल्या कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची वर्षाला १,००० ते २५,००० रुपयांची स्वतंत्र मदत आहे.

व्यवसाय शिक्षणाकडे वळले की हात आखडता होतो. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीत वसतिगृहात राहून अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये भत्ता आहे, तर घरून ये-जा करणाऱ्या आयटीआयच्या विद्यार्थ्याला २,५०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे दोनशे. शासकीय आयटीआयमधील विद्यावेतन तर दीर्घकाळ दरमहा ४० रुपये होते. ते ५०० रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. अक्कलकोट किंवा मोहोळहून विजापूर रस्त्यावरील शासकीय आयटीआयला रोज येणाऱ्या मुलाचा या रकमेत एसटीचा पास आणि दुपारचा डबा तरी भागतो का, हा प्रश्न आढाव्यात पहिला असावयास हवा. शुल्क कमी म्हणून मदत कमी, हे गणित चुकीचे आहे. आयटीआयला येणारे मूल बहुधा अधिक गरीब घरातले असते आणि त्याने शिकण्याऐवजी कमावण्यास सुरुवात करावी, असा घरचा रेटाही अधिक असतो.

उरते ती वेळेची बाब. राज्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी या पोर्टलवर भरले जातात. अर्ज प्रथम महाविद्यालयातील लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि तेथून संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे जातो, आणि मंजूर रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र आणि त्याची वैधता यांपैकी एक कागद अडला की अर्ज परत येतो, आणि हप्ता येण्याआधीच वर्ष सरण्याचीही वेळ येते. तोवर पालक उसनवारी करतात. परीक्षा उलटल्यावर मिळालेले साहाय्य कर्ज फेडण्यास उपयोगी पडते, शिकण्यास नव्हे. म्हणून प्रत्येक योजनेचा हप्ता कोणत्या महिन्यात किती विद्यार्थ्यांच्या खात्यावर जमा झाला, याचा जिल्हावार तक्ता शासनाने दरवर्षी प्रसिद्ध करावा आणि आयटीआयचा निर्वाह भत्ता शुल्काशी न बांधता प्रवास व जेवणाच्या प्रत्यक्ष खर्चाशी बांधावा.